ताऱ्यावर नजर ठेवणारें यंत्र

माणसाचें छायाचित्र घेतांना त्यास क्षणभर स्थिर राहावयास सांगतां येतें. आकाशांतील ताऱ्यास तसें सांगण्याची सोय नाहीं. पृथ्वी स्वतःभोंवतीं २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत एक फेरी पुरी करते आणि त्यामुळें सारें तारामंडळ उलट दिशेनें सरकत असल्याचा भास होतो. हा वेग सेकंदास सुमारें १५ विकला इतका आहे. एका अंशाच्या ६० कला व एका कलेच्या ६० विकला हें कोष्टक ध्यानीं घेतलें, म्हणजे १५ विकला हें माप किती सूक्ष्म आहे तें उमगतें; पौर्णिमेच्या चंद्राची रुंदीच सुमारें १८०० विकला भरते. परंतु दुर्बिणीस जोडलेल्या कॅमेऱ्याच्या दृष्टीनें हें माप मुळींच सूक्ष्म नव्हे. ७५० मिलिमीटर नाभ्यंतराच्या दुर्बिणीमागें पावणेचार मायक्रॉनच्या पिक्सेलांचा कॅमेरा लावला, तर एकेक पिक्सेल आकाशाची सुमारें एक विकला व्यापतो. म्हणजे दुर्बीण अचल ठेवून एक सेकंदभर जरी प्रकाश घेतला, तरी ताऱ्याच्या बिंदूची पंधरा पिक्सेलांची रेघ होते. आणि तेजोमेघांचें किंवा दीर्घिकांचें चित्र एका सेकंदांत उमटत नाहीं; त्यास मिनिटें, कधीं कधीं तास लागतात.

म्हणून दुर्बीण ताऱ्याबरोबर चालवावी लागते. पृथ्वीच्या आंसाशीं समांतर असा एक अक्ष बैठकीस ठेवावयाचा आणि त्याभोंवतीं दुर्बीण ताऱ्यांच्या वेगानें फिरवावयाची, ही युक्ति जुनी आहे. न्यूयॉर्कच्या हेन्री ड्रेपरनें १८८० च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस मृगांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें, तें ५१ मिनिटें प्रकाश देऊन घेतलें होतें. त्या काळापासून पुढें कित्येक दशकें ज्योतिर्विदांची रात्र एकाच कामांत जाई: मुख्य दुर्बिणीस जोडलेल्या लहान दुर्बिणीला डोळा लावून बसावयाचें, तिच्यांतील दोन तारांच्या फुलीवर एक तारा धरावयाचा आणि तो हलला कीं हातानें चक्री फिरवून त्यास जागेवर आणावयाचें. थंडीनें बोटें बधिर झालीं तरी नजर काढतां येत नसे. महाराष्ट्रांत पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेंत कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या हाताशीं वीस इंची परावर्ती दुर्बीण होती, आणि १८९८ च्या जानेवारींत जेऊर येथें खग्रास सूर्यग्रहणाचीं वर्णपटचित्रें त्यांनीं घेतलीं. ग्रहणाचा तो खेळ सुमारें दोन मिनिटांचा. तेथें हाताची कसोटी घाईची होती. तेजोमेघाच्या चित्रांत ती धीराची असते, आणि धीराची कसोटी अधिक अवघड.

कोल्हापुरास हें नवें वाटूं नये. बाबूराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास येथेंच चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडविला. त्या काळचे कॅमेरे दांडा फिरवून चालत, आणि फिरविणाऱ्याच्या मनगटाची लय थोडी चुकली तरी पडद्यावरचा माणूस धांवूं लागे किंवा रेंगाळे. मनगटाच्या जागीं पुढें मोटार आली. दुर्बिणीच्या बाबतींत मात्र मोटार येऊनहि डोळ्याची सुटका झाली नाहीं, कारण मोटार समान वेगानें फिरली तरी ती ज्या चाकांना फिरवीत असते तीं चाकें निर्दोष नसतात.

डोळ्याची जागा घेण्याचा प्रयत्न अमेरिकेंत व्हिटफर्ड आणि क्रॉन या दोघांनीं प्रकाशविद्युत् घटाच्या साह्यानें केला व त्याची हकीकत १९३७ सालीं प्रसिद्ध झाली. ती सोय मोठ्या वेधशाळांची. हौशी निरीक्षकाच्या हातीं तें साधन आलें तें १९८९ नंतर, एस्. टी. ४ या नांवाच्या लहानशा यंत्राच्या रूपानें. आज बैठकीच्या अंगावर ज्या खांचेंत ऑटोगाइडरची तार खुपसतात त्या खांचेस अद्याप तेंच नांव चालतें. आजचा ऑटोगाइडर म्हणजे एक लहान दुर्बीण, तिच्या मागें एक लहान कॅमेरा आणि त्याचीं चित्रें वाचणारा संगणक. या कामाचा सर्वांत प्रचारांतला प्रोग्रॅम पी. एच. डी. २ हा विनामूल्य मिळतो. हें नांव ऐकून कोणा पंडिताच्या पदवीचा भास होतो. खरें पाहतां तीं 'येथें दाब, मूर्खा' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें आहेत. नांवांतली ही थट्टा नवशिक्यास फार महाग पडते. बटन दाबलें कीं काम झालें, असें तो समजून बसतो.

यंत्राचें काम सांगावयास सोपें आहे. कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनीं एका ताऱ्याचें चित्र घेतो. त्या ताऱ्याचा ठिपका कांहीं पिक्सेलांवर पसरलेला असतो. त्या प्रकाशाचा मध्य संगणक काढतो आणि तो पिक्सेलच्या लहानशा अंशापर्यंत अचूक निघतो. म्हणूनच मार्गदर्शक दुर्बीण आंखूड असली, तिचा एक पिक्सेल चार विकलांचा असला, तरी काम भागतें. मध्य आधींच्या जागेवरून ढळला, तर किती व कोणत्या दिशेस हें पाहून संगणक बैठकीच्या मोटारींस थोडा वेळ हलका धक्का देतो. पुन्हां चित्र, पुन्हां मोजणी, पुन्हां धक्का, रात्रभर हेंच. या वर्णनांत एक गोष्ट सहज दृष्टीआड होते. तारा ढळल्यावांचून यंत्रास कांहीं कळत नाहीं. चूक घडते, मग दिसते, मग सुधारली जाते. सावकाश घडणारी चूक तें उत्तम आवरतें. अचानक घडणारी चूक आवरण्यापूर्वींच ती चित्रावर उमटून गेलेली असते.

सावकाश घडणारी मुख्य चूक चाकांची. बैठकीच्या मोठ्या दांतेरी चाकास एक मळसूत्री दांडा फिरवितो. चाकास १८० दांत असतील तर मळसूत्राची एक फेरी सुमारें ४७९ सेकंदांत, म्हणजे आठ मिनिटांत होते, आणि मळसूत्र घडवितांना जी कांहीं वांकडेपणाची कसर राहिली असेल ती दर आठ मिनिटांनीं त्याच क्रमानें उगवते. सामान्य बैठकींत ही ओढाताण वीस-तीस विकलांपर्यंत जाते. पण ती हळूहळू चढते व उतरते, आणि म्हणून ऑटोगाइडर तिला सहज काबूंत ठेवतो. या एका कामासाठींच तें यंत्र घेण्याजोगें आहे.

दुसरी चूक बैठक मांडण्याची, आणि कोल्हापुरांत खरी अडचण येथें आहे. पृथ्वीच्या आंसाशीं समांतर अक्ष ठेवावयाचा म्हणजे तो आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखावयाचा. ध्रुवाची उंची त्या त्या गांवाच्या अक्षांशाइतकी असते. लंडनला तो अर्ध्या आकाशाहून वर, साडेएक्कावन्न अंशांवर असतो; कोल्हापुरास १६ अंश ४२ कला. हात लांब करून पसरलेल्या वितीच्या माथ्याहूनहि तो खालींच राहतो. शहराच्या गच्चीवरून पाहावें तर शेजारच्या इमारतीची पाण्याची टांकी, नारळाचें झाड किंवा रस्त्याच्या दिव्यांचें धुरकट तेज मध्यें येतें. हिवाळ्यांत, जेव्हां रात्री स्वच्छ असतात नेमक्या तेव्हां, ऊंसाचा हंगाम चालू असतो. गुऱ्हाळांचा धूर आणि पंचगंगेच्या कांठचें धुकें क्षितिजालगत थर धरून राहतें. त्यांतच ध्रुवतारा स्वतः खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून अधिक दूर आहे, त्यामुळें तो दिसला तरी केवळ त्यावर अक्ष रोखून भागत नाहीं. आणखी एक बारीक गोष्ट अशी कीं, इतक्या खालच्या उंचीवर वातावरण किरणांस वांकवितें व ध्रुव आहे त्याहून सुमारें तीन कला वर दाखवितें. परदेशीं छापलेल्या माहितीपत्रकांत याचा उल्लेख क्वचितच आढळतो, कारण तेथील लोकांस तो त्रास नाहीं.

पुष्कळ नवशिके येथें कंटाळतात व म्हणतात, अक्ष थोडा चुकला तर चुकला, ऑटोगाइडर सांभाळून घेईल. हा समज घातक आहे. अक्षांत पांच कलांची चूक असली, तर तारा मिनिटास सुमारें सव्वा विकला उत्तरेस किंवा दक्षिणेस घसरूं शकतो. ऑटोगाइडर त्यास नित्य मागें ओढतो हें खरें, आणि पडद्यावरील आलेखहि सरळ दिसतो. परंतु यंत्र सांभाळतें तें एका ताऱ्यास. चूक मोठी असली, म्हणजे बाकीचें सारें क्षेत्र त्या एका ताऱ्याभोंवतीं हळूहळू गरगरत जातें, आणि दीर्घ प्रकाशाच्या चित्रांत कोपऱ्यांतले तारे कमानीसारखे वांकलेले निघतात. यंत्रानें चूक सुधारलेली नसते. ती झांकलेली असते.

ध्रुव न दिसतां अक्ष बसविण्याची जी जुनी रीत आहे तीच येथें कामाची. तीस ध्रुवताऱ्याची गरज नाहीं. प्रथम दक्षिणोत्तर रेषेवर, विषुववृत्ताजवळचा एखादा तारा घ्यावयाचा. कोल्हापुरास ही जागा दक्षिणेकडे सुमारें ७३ अंश उंचीवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर आणि सर्वांत निर्मळ आकाशांत येते. उत्तर-दक्षिण दिशेची सुधारणा बंद ठेवून कांहीं मिनिटें तो तारा नुसता पाहावयाचा. तो दक्षिणेस घसरला तर बैठकीचा अक्ष ध्रुवाच्या पूर्वेस रोखलेला आहे. उत्तरेस घसरला तर पश्चिमेस. त्याप्रमाणें बैठक किंचित् वळवावयाची आणि पुन्हां पाहावयाचें. मग पूर्वेकडील तारा घ्यावयाचा. तो दक्षिणेस घसरला तर अक्ष खालीं झुकलेला आहे, उत्तरेस घसरला तर वर गेलेला आहे. या कामीं ऑटोगाइडरचा आलेख डोळ्याहून कितीतरी सरस ठरतो, कारण घसरण विकलेच्या हिशेबांत समोर मांडली जाते. जें यंत्र चूक झांकूं शकतें तेंच, हात बांधून बसविलें असतां, चूक दाखवितें. नवशिक्यानें पहिल्या चार-दोन रात्री या एकाच कामीं घालवाव्या. त्या फुकट जात नाहींत.

अक्ष बसला म्हणजे यंत्रास दिशा शिकवाव्या लागतात. संगणक मोटार थोडी चालवून तारा किती सरकला तें मोजतो. एकदां पश्चिमेस, एकदां उत्तरेस, आणि परत. ही ओळख विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यावर करून द्यावी. ध्रुवाजवळच्या ताऱ्यावर पूर्व-पश्चिमेची मोटार तितकीच फिरली तरी तारा थोडाच सरकतो, आणि मग यंत्राचा सारा हिशेब चुकतो. दुर्बीण दक्षिणोत्तर रेषा ओलांडून बैठकीच्या दुसऱ्या अंगास नेली, तर दिशांचा अर्थ पालटतो. तेंहि यंत्रास कळवावें लागतें, नाहींतर तें चूक घटविण्याऐवजीं वाढवीत बसतें.

यापुढें नवशिक्याच्या आड येतो तो त्याचा उत्साह. हवेच्या थरांमुळें तारा लुकलुकतो, म्हणजे त्याचा ठिपका क्षणोक्षणीं एक-दोन विकला इकडेतिकडे नाचतो. हें नाचणें दुर्बिणीची चूक नव्हे, हवेची आहे, आणि धक्का देईपर्यंत तारा आपण होऊन परत आलेला असतो. अर्ध्या अर्ध्या सेकंदाचीं चित्रें घेऊन प्रत्येक ठिपक्यामागें यंत्र पळविलें, तर निर्दोष चालणारी बैठकहि हवेच्या तालावर नाचूं लागते आणि तारे फुगलेले येतात. उपाय उलटा आहे: मार्गदर्शक चित्रास दोन ते चार सेकंद द्यावे, म्हणजे नाचण्याची सरासरी निघते, दिसलेल्या चुकीपैकीं पूर्ण न सुधारतां साठ-सत्तर टक्केच सुधारावी, आणि अगदीं किरकोळ चुकीकडे यंत्रानें लक्षच देऊं नये अशी मर्यादा घालावी. बैलगाडी हांकणारास हें समजावून सांगावें लागत नाहीं. प्रत्येक खळग्यास कासरा ओढणारा गडी बैल बिघडवितो.

दांत्यांतील ढिलाईची गोष्टहि अशीच. पूर्व-पश्चिमेची मोटार सदा पुढेंच चालत असते; सुधारणा करावयाची म्हणजे ती किंचित् जलद किंवा किंचित् मंद होते, उलट कधीं फिरत नाहीं. म्हणून दांत एकाच अंगानें टेकून राहतात. उत्तर-दक्षिणेची मोटार मात्र स्वस्थ उभी असते व तिला कधीं इकडे, कधीं तिकडे वळावें लागतें. वळतांना दांतांमधली फट भरून निघेपर्यंत दुर्बीण हालतच नाहीं. संगणक म्हणतो, धक्का पुरला नाहीं. तो आणखी देतो. फट संपतांच दुर्बीण उडी मारून पलीकडे जाते. उद्यमनगरांत लेथवर काम केलेल्या कारागिरास या प्रकाराचें नांव ठाऊक आहे. स्क्रूचा 'प्ले' आणि उलट फिरवितांना रिकामा जाणारा फेरा तो रोज हिशेबांत धरतो, आणि माप नेहमीं एकाच बाजूनें गांठतो. तीच रीत येथें चालते. तारा ज्या दिशेस घसरतो तिच्या उलट दिशेचीच सुधारणा चालू ठेवावी व दुसरी बंद करावी. पूर्व-पश्चिमेच्या अक्षावरहि दुर्बिणीचें पारडें पूर्वेकडे किंचित् जड ठेवतात तें एवढ्याचसाठीं कीं दांत सुटूं नयेत.

इतकें सारें साधल्यावरहि एक चमत्कारिक रात्र प्रत्येकाच्या वांट्यास येते. आलेख सरळ असतो, चुकीची सरासरी एका विकलेच्या आंत असते, आणि तरीहि चित्रांतले तारे लांबट निघतात. दोष संगणकाचा नसतो. मार्गदर्शक दुर्बीण व मुख्य दुर्बीण या दोन वेगळ्या नळ्या आहेत. रात्र सरते तशी दोघींवरील भाराची दिशा पालटते, एखादा स्क्रू, एखादा कंस केसाच्या अंशानें वांकतो, आणि दोघींची नजर एकमेकींपासून ढळते. यंत्र आपल्या नळीशीं प्रामाणिक असतें; दुसरीचें त्यास काय ठाऊक? कंस दणकट करणें, लोंबणाऱ्या तारा बांधून टाकणें हा पहिला उपाय. नाभ्यंतर लांब असेल तर मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशांत कडेला एक लहान लोलक बसवून त्यांतून तारा घेतात, म्हणजे नजर एकच राहते. पण त्या चिंचोळ्या खिडकींत तारा सांपडणें ही निराळी कटकट आहे, आणि आंखूड दुर्बीण वापरणारानें तिच्या वांटेस जाऊं नये.

कोल्हापुरास हा अभ्यास करावयास वेळ थोडा मिळतो. जून ते सप्टेंबर पावसाचे, उरलेल्या महिन्यांतून चांदण्याच्या रात्री वजा कराव्या लागतात, आणि नोकरी वा शाळा सांभाळून शहराबाहेर जाणें सर्वांस जमत नाहीं. म्हणून मांडणी, दिशांची ओळख, ढिलाईची मोजणी हें सारें घराच्या गच्चीवर, चांदण्यांतहि करून ठेवावें. ऑटोगाइडरला उजळ आकाशांतहि एखादा ठळक तारा पुरतो. अंधाऱ्या रात्री मग चित्रासाठीं राखतां येतात. अशा रात्रीं सुमारें वीस किलोमीटरांवरील पन्हाळा पुष्कळांस सोयीचा पडतो. तीन हजार फुटांहून अधिक उंचीमुळें धुराचा थर बराचसा खालीं राहतो, आणि शहर आग्नेयेस पडत असल्यानें उत्तरेकडचें आकाश, जेथें ध्रुव शोधावयाचा तें, त्यामानानें काळोखें मिळतें. वारा मात्र तेथें वैरी होतो. वाऱ्याचा झोत ही अचानक घडणारी चूक. तिच्यापुढें कोणताहि ऑटोगाइडर लंगडाच. आडोसा पाहणें आणि बैठकीचे पाय जवळ जवळ जमिनीलगत ठेवणें एवढेंच हातीं राहतें.

ध्रुव खालीं असण्याची भरपाईहि आकाशांतच आहे. अक्षांश जितका कमी तितकें दक्षिणेचें आकाश अधिक उघडें. नरतुरंगांतील ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ लंडनहून कधींच दिसत नाहीं. कोल्हापुरास तो दक्षिणोत्तर रेषेवर सुमारें २६ अंश चढतो. एप्रिलच्या मध्यास ही वेळ मध्यरात्रीच्या सुमारास येते. पन्हाळ्यावरून पाहणारास तो आधीं शहराच्या तेजांतून उगवतांना दिसतो, म्हणून घाई न करतां तो नीट दक्षिणेस येईपर्यंत थांबावें. एवढ्या उंचीवर हवेचा थर जाड असतो व ताऱ्यांचें नाचणें वाढतें. तेव्हां मार्गदर्शक चित्रास चार सेकंद द्यावे, सुधारणेचें प्रमाण निम्म्यावर आणावें, आणि पहिलें चित्र येतांच मधल्या ताऱ्यांकडे न पाहतां चारी कोपरे मोठे करून तपासावे.